राखीव गडी

केशरबाईचा गहू तुम्ही वाळवलात. तुमचं नाव लिहीत नाही, कारण त्या परिपत्रकाखाली नाव नव्हतंच. चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखी एक सही होती आणि सहीखाली 'करिता' असं लिहिलेलं होतं. म्हणजे सही करणाऱ्यानं दुसऱ्याकरिता केली, दुसरा तिसऱ्याकरिता खुर्चीत बसलेला, आणि तिसरा कुठं असतो ते कुणालाच ठाऊक नाही. पण आरोप तुमच्यावरच आहे. 'उपविभागातील सर्व कामे उपलब्ध संगणकावरच करण्यात यावीत' हे वाक्य तुमचं. ते लिहिण्याआधी उपलब्ध संगणक किती आहेत, एवढं एक फोन करून विचारलं असतंत तर पुढचं काही घडलं नसतं.

एकच होता.

तोही आणला होता गेटसाठी. नगरहून एस्टीनं दीड तासावर पाटबंधाऱ्याचं हे कार्यालय. तिथून अकरा किलोमीटरवर नऊ नंबरच्या चारीचं, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या पाटाचं, लोखंडी गेट. पूर्वी अंगद पाटकरी चाक फिरवून ते वरखाली करायचा. मग गेटला मोटर बसली, कार्यालयात संगणक आला आणि त्याच्यासमोर गहिनीनाथ हा कंत्राटी ऑपरेटर बसला. व्यवस्था साधी होती. संगणकानं दर सेकंदाला गेटला एक हाक मारायची, 'उघडं राहा.' लागोपाठ तीन सेकंद हाक आली नाही, तर गेटनं समजायचं की काहीतरी बिघडलंय, चारी फुटायला नको, आणि आपण होऊन खाली पडायचं. एकदा पडलं की तिथं जाऊन लाल बटण दाबल्याशिवाय ते उठत नाही.

हाक मारणं एवढंच काम होतं तोवर संगणकानं एक हाक चुकवली नाही. मग तुमचं परिपत्रक आलं. त्याच संगणकावर चेहरा दाखवून हजेरी, त्याच्यावर आवक-जावक, त्याच्यावर पाणीमागणीचे अर्ज, त्याच्यावर छपाई. आणि दर गुरुवारी दुपारी दोनला उपअभियंता साहेबांची व्हीसी, म्हणजे वरिष्ठांपुढं पडद्यावर हजर राहून मान हलवायची.

केशरबाईची पाळीही गुरुवारी दुपारी दोनलाच.

केशरबाईची दीड एकर जमीन चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला. शेजपाळीनं, म्हणजे एकामागून एक ठरलेल्या वेळी, तिला गुरुवारी दोन ते पाच पाणी मिळायचं. कागदावर शेजपाळी शेवटच्या टोकापासून वर चढते. जमिनीवर ती वरच्या लोकांपासून खाली उतरते, आणि उतरता उतरता जेवढी उरेल तेवढी. या खेपेचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची मुदत, तीन आठवड्यांचं होतं. केशरबाईचे तीन गुरुवार. पहिल्या गुरुवारी साहेबांनी व्हीसी लावली, संगणकाला धाप लागली, हाक चुकली, गेट पडलं. दुसऱ्या गुरुवारीही तसंच. अंगद मोटारसायकल हाणत गेटवर पोचेपर्यंत चारीत उरलेलं पाणी वरच्यावर मुरून गेलेलं. गहू चिकात आलेला. दाण्यात दूध भरायच्या वेळी एक पाणी चुकलं तर सोसतं, दोन चुकली तर पीक तोंड फिरवतं, आणि तिसरं चुकलं तर नुसता भुस्सा.

शुक्रवारी सकाळी केशरबाई कार्यालयात येऊन उभी राहिली.

"गहिनी, माझ्या पाळीलाच तुझ्या मशिनीला फेफरं येतं व्हय रं?"

"मावशी, मशीन आजारी न्हाई. आत चार गडी हायेत कामाला, चांगले तयारीचे. कोअर म्हंत्यात त्येंना. पर वर एक मुकादम बसलाय. त्यो कुनाला एक काम धड करू देत न्हाई. गेटला हाक मारनाऱ्या गड्याला मधीच म्हनतो, ते ऱ्हाऊ दे, जरा साहेबाचं तोंड उचल."

"लई जड असंल," केशरबाई म्हणाली.

गहिनीनाथला हसू आलं, पण तिला आलेलं नव्हतं.

"आमी ऊसतोडीला गेल्तो ना कोपरगावाकडं," ती म्हणाली, "तवा टोळीत एक गडी बैलांपाशी असायचा. मोळ्या पडू देत, गाडी अडू दे, मुकादम बोंबलू दे. त्यो बैलं सोडून हलायचा न्हाई. त्याला मुकादमानं काम सांगायचंच न्हाई, असं ठरल्यालं. तसला एक गडी तुझ्या गेटला लाव की."

गहिनीनाथ तिच्याकडं बघतच राहिला. त्यानं संगणकाचं शिक्षण मोबाईलवर घेतलं होतं, ते पण रेंज असेल तेव्हा. त्या दिवशी त्यानं शोध शोध शोधलं आणि सापडलं. संगणक सुरू होतानाच मुकादमाला सांगून ठेवायचं, हे अमुक गडी तुझ्या यादीत नाहीत, यांना तू काम वाटायचं नाहीस. मग त्या गड्यांवर आपल्या हातानं नेमकं काम बसवायचं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या करतात तीच युक्ती केशरबाईला उसाच्या फडात माहीत होती.

शनिवारी त्यानं दोन गडी यादीबाहेर काढले. एक हाक मारायला, दुसरा गेटचं उत्तर ऐकायला. मग हजेरी चालू केली, शंभर पानांची छपाई सोडली, वर एक कीर्तनाचा व्हिडिओही लावला. तासाभरात तीन हजार सहाशे हाका गेल्या. एक चुकली नाही. अंगदचा गेटवरून फोन आला, "नाथा, ह्ये आज मेल्यावानी शांत हाय. बरंय ना?"

"बरंय. हात लावू नको."

इथंच थांबायला पाहिजे होतं. पण गहिनीनाथ प्रामाणिक होता आणि कंत्राटी होता. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की तो टिपणी लिहितो. सोमवारी त्यानं लिहिलं, 'कार्यालयीन संगणकातील चारपैकी दोन कोअर गेटच्या कामासाठी राखीव ठेवण्यात आले आहेत. माहितीस्तव सादर.'

हेडक्लार्क भिमाजी भाऊसाहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"राखीव? राखीव कुनी ठिवले?"

"मीच, भाऊसाहेब."

"तू कोन? कंत्राटी. कंत्राटी मानसाला राखीव ठिवता येतं? आरक्षणाची बिंदुनामावली कुठंय?"

"भाऊसाहेब, ही पदं न्हाईत. संगणकाच्या आतले..."

"आतले असू देत न्हाईतर भाईरचे. चारातले दोन म्हंजे पन्नास टक्के झाले. मर्यादेवर टेकलायस तू. आनखी एक ठिवला असता तर कोर्टाची पायरी चढाया लागली असती आपल्याला."

"मग 'राखीव' खोडतो. 'बाजूला काढले' लिहू?"

"बाजूला काढले लिहिलं तर चौकशी लागंल. कशापायी काढले, निलंबित हायेत का, निर्वाहभत्ता कुठून द्यायचा. ऱ्हाऊ दे राखीवच. साहेबांपुढं ठिवतो."

साहेब मंगळवारी स्वतः उठून संगणकापाशी आले. पडद्यावर चार पट्ट्या होत्या. दोन वरखाली नाचत होत्या, दोन तळाला निजलेल्या.

"हे दोघं का बसलेत?"

"बसले न्हाईत साहेब, गेट धरून हायेत."

"एक टक्का काम दाखवतंय."

"हाक मारायला तेवढंच लागतं. पर त्येंच्या हातात दुसरं काय दिलं की हाक चुकती."

साहेबांनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे एक टक्का काम करणाऱ्यांना राखीव, आणि माझी व्हीसी सर्वसाधारणमध्ये? गेल्या गुरुवारी मी चारीचं शेवटचं टोक म्हणून 'टेल' म्हणालो, तुटक आवाजात वर 'तेल' ऐकू गेलं. मोठ्या साहेबांनी सगळ्या जिल्ह्यासमोर विचारलं, कसलं तेल? एक मला काढून दे."

"साहेब, एक तर मुकादमाकडं ठिवावाच लागतो. दोन गेटचे, एक तुमचा, मग बाकी सगळी कामं एकट्या गड्यावर..."

"मग करू दे की. कार्यालयात कोण एकटा काम करत नाही?"

हे मात्र खरं होतं. त्या कार्यालयात नेहमी कुणीतरी एकटाच काम करायचा. साहेबांना त्यांचा गडी मिळाला.

आता हे इथं तरी मिटलं असतं. पण भिमाजींनी टिपणीची प्रत वर पाठवली. ज्या वरच्या कार्यालयातून प्रिंटरची शाई यायला आठ महिने लागतात, तिथून बुधवारी सकाळी मेलवर उत्तर आलं. वाचा, तुमचंच आहे. 'सदर सुविधेचे स्वागत आहे. वरिष्ठ कार्यालयाकडून तातडीने येणाऱ्या कामासाठी एक कोअर कायमस्वरूपी राखीव ठेवण्यात यावा. त्यावर अन्य कोणतेही काम देण्यात येऊ नये. संकेतशब्द सीलबंद लिफाफ्यात ठेवावा व लेखी आदेशाशिवाय बदल करू नये.'

"भाऊसाहेब, काम कुठलं येनारे वरून?"

"आल्यावर कळंल."

"आन न्हाई आलं तर?"

"तर न्हाई आलं. जागा पायजे ना तयार."

गेटचा एक गडी गेला. एकच उरला. गहिनीनाथनं दोन्ही कामं त्या एकावर बसवली आणि तास न् तास डोळ्यात तेल घालून पाहिलं. हाक चुकत नव्हती. एक गडीही पुरत होता. पुरत होता म्हणूनच तो दिसण्यासारखा होता, आणि तो दुपारी अमृततात्यांना दिसला.

तात्या म्हणजे पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा ऊस चारीच्या पहिल्या मोरीवर, वर्षभर हिरवागार. शेजपाळी त्यांनी फक्त भाषणात पाहिलेली.

"नाथा, आमच्या नावानं बी एक टाक."

"तात्या, त्येचं तुमी करनार काय?"

"करायचं काय? असू दे. साहेबाला हाय, वरच्याला हाय, आन संस्थेच्या अध्यक्षाला न्हाई. बरं दिसतं का ह्ये? उद्या लोक इचारतील."

"एकच ऱ्हायलाय हो. त्याच्यावर गेट हाय. उद्या केशरमावशीची शेवटची पाळी हाय."

"मग गेट दे मुकादमाच्या यादीत. बाकी समदं तिथंच नांदतंय ना? गेट काय जावई हाय का?"

गहिनीनाथनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी फाईलकडं पाहिलं.

"देऊन टाक," साहेब म्हणाले. "एवढ्यातेवढ्यासाठी वाद नको."

चारपैकी तीन वरच्यांच्या नावानं राखीव झाले. पंचाहत्तर टक्के. भिमाजींना या वेळी मर्यादा आठवली नाही. खालच्यानं ठेवलं तर राखीव. वरच्यानं ठेवलं तर ती सोय असते. त्यांनी गहिनीनाथला न दाखवता नवा संकेतशब्द टाकला, तो शांतपणे पाकिटात घातला, पाकिटाला लाख लावली, पाकीट कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधल्यासारखी गळ्यात घातली.

गुरुवार उजाडला. गहिनीनाथनं अंगदला सकाळीच गेटवर धाडलं. "हलू नको तिथून. पडलं की बटण दाब."

दोनला साहेब पावडर लावून संगणकासमोर बसले. गहिनीनाथला कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीला लागून उभं केलं. पडद्याच्या कोपऱ्यात चार पट्ट्या दिसत होत्या. साहेबांचा गडी मजेत चाललेला. वरिष्ठांचा, शून्य. तात्यांचा, शून्य. आणि चौथा, ज्याच्यावर हजेरी, छपाई, आवक-जावक, अर्ज आणि गेट असं सगळं लादलेलं, तो शंभरावर जाऊन लाल झालेला.

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी संगणकाशेजारच्या गेटच्या डब्यावरचा दिवाही लाल झाला. लगेच फोन वाजला.

"गहिनी, मी दारं धरून उभी हाय. पानी आलं हुतं बोटभर, ते बी आटाया लागलं."

"मावशी, थांबा. करतो."

अंगदनं बटण दाबलं. गेट उठलं. चार मिनिटांनी पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पडलं. गहिनीनाथ भिमाजींच्या टेबलाकडं धावला.

"भाऊसाहेब, पाकीट फोडा. दोन गडी नुसते रिकामे बसलेत. एका ओळीचं काम हाय, गेट तिकडं सरकवतो."

"सही?"

"साहेब व्हीसीत हायेत!"

"मग व्हीसी झाल्यावर."

"तवर पाळी संपंल हो!"

"पाळी पुन्हा येती. नोकरी येत न्हाई." भिमाजींनी हे दुष्टपणानं म्हटलं नाही. निवृत्तीपर्यंत त्यांना अजून चौदा महिने काढायचे होते. कोरा कागद मात्र त्यांनी दिला. "जा, सही आन. फोडतो."

गहिनीनाथ कागद तोंडात धरून गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली शिरला. वर साहेबांचा आवाज या वेळी अगदी स्वच्छ चालला होता.

"शंभर टक्के, सर. टेलपर्यंत पाणी पोचतंय, सर. शेवटचा शेतकरी समाधानी आहे, सर."

गहिनीनाथनं साहेबांची पँट ओढली. "साहेब, गेट पडलंय. सही."

साहेबांनी लाथ झाडली. ती गुडघ्यावर बसली.

"कसला आवाज येतोय?" पडद्यातून विचारणा झाली.

"मांजर आहे, सर. उंदरांसाठी पाळलंय."

"यंत्रणेवर ताण वगैरे?"

"अजिबात नाही, सर. दाखवतो." साहेबांनी त्या चार पट्ट्या पडद्यावर वर पाठवल्या. "बघा सर, दोन कोअर पूर्ण रिकामे आहेत."

"उत्तम! मग भरपूर वाव आहे. आणखी दोन चाऱ्यांची गेटं याच संगणकावर घ्या."

"घेतो, सर."

टेबलाखाली गहिनीनाथनं कागद तोंडातून काढला. तो ओला झाला होता. त्याच्यावर आता कुणाचीच सही उमटली नसती.

तिकडं अकरा किलोमीटरवर अंगदनं आठव्यांदा बटण दाबलं. गेट उठलं. अंगद पंचवीस वर्षं चाक फिरवलेला माणूस. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, बांधावरचा बाभळीचा ओंडका उचलला आणि गेटखाली उभा घातला. पाच मिनिटांनी गेट पडायला आलं आणि ओंडक्यावर येऊन अडकलं. मोटर घुर्र घुर्र करून गप्प झाली. गेट धड उघडं नाही, धड बंद नाही. पण पाणी निघालं.

"आता घे पडून," अंगद गेटला म्हणाला, आणि अशी एक शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही.

पाणी केशरबाईच्या वावरात पोचलं तेव्हा चार वाजून गेले होते. पाचला पाळी संपली. अर्ध्या वावराला मिळालं. उरलेल्या अर्ध्यातला गहू चार दिवसांत पांढरा पडला. लोंबी हातावर चोळली की फुंकरीबरोबर सगळं उडून जायचं, तळहातावर दाणा म्हणून काही राहत नव्हतं. बांधाच्या या बाजूला बोरांएवढे टपोरे दाणे म्हणत नाही मी, पण दाणे तरी होते. त्या बाजूला काही नव्हतं. तुम्ही येऊन बघितलं असतंत तर दोरी लावून आखल्यासारखी रेघ दिसली असती.

तुम्ही आला नाहीत. तुमचा कागद आला.

कारण संगणक गेटला डोळ्यानं बघत नाही. हाक चुकली की गेट पडलंच असणार, असं धरून तो नोंद करतो. नुसत्या कागदावरून काम झालं असं समजायची ही सवय त्याला कुणाची लागली, ते सांगायला नको. नोंद अशी होती: गेट बंद, सायंकाळपर्यंत. आणि तात्यांनी संस्थेच्या वतीनं कळवलं की शेवटच्या टोकाला त्या दिवशी पाणी दिसलं. दोन्ही कागद एकाच फाईलीत एकमेकांना भेटले.

नोटीस घेऊन अंगदच गेला. नोटिसा वाटणं पाटकऱ्याकडंच असतं. गहिनीनाथही बरोबर होता; त्याला आता वेळच वेळ होता. 'संगणकावर अनधिकृत बदल केल्याने' त्याचं कंत्राट पुढं वाढवलं नव्हतं. केशरबाई खळ्यावर बसून त्या अर्ध्या वावरातला गहू पाखडत होती.

"वाच," ती म्हणाली.

गहिनीनाथनं वाचलं. "'गेट बंद असल्याची संगणकीय नोंद असताना आपल्या शेतात पाणी आढळून आले. सबब आपण पाण्याची चोरी केल्याचे दिसून येते. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा पुढील हंगामात आपली पाळी रद्द करण्यात येईल.'"

सूप थांबलं.

"आक्का, मी सांगतो," अंगद खाली बघत म्हणाला. "लिहून देतो, ओंडका मी घातला म्हनून."

"आन सरकारी गेट नासवलं म्हनून तू घरी बस. तुझी पोरगी बारावीला हाय. गप ऱ्हा."

"मग तुमी काय सांगनार?"

"ओंडक्याचं सोडून समदं." केशरबाईनं पदरानं हात पुसले. "गहिनी, कागद काढ. मी बोलते तसंच लिही. सुधारायचं न्हाई."

गहिनीनाथनं नोटिशीचीच मागची बाजू उलटली.

"लिही. 'साहेब, तुमची मशीन म्हनती गेट बंद हुतं. माझी पाळी दोन ते पाच हुती, ते तुमच्याच वहीत हाय. मग माझ्या पाळीत गेट बंद कुनी केलं? माझं पानी कुनी चोरलं, त्येचं नाव सांगा. आन गेट उघडं हुतं म्हनत असाल, तर माझ्या पाळीचं पानी माझ्या वावरात आलं, मग मी चोर कशी? बंद हुतं का उघडं हुतं? दोन्हीतलं एक सांगा.'"

"झालं?"

"न्हाई. 'तुमी मला सात दिस दिले. मी तुमाला सातच देते. उत्तर द्या.'"